भिंगाची पारख

आमच्या घरांतील छायाचित्रें खऱ्या अर्थानें १९५४ सालीं सुरू होतात आणि १९६७ सालीं एकाएकीं थांबतात. त्यापूर्वींचीं दोन-चार आहेत. पण तीं स्टुडिओंत काढलेलीं. मागें रंगविलेला पडदा, शेजारीं तिवईवर फुलदाणी, आणि मध्यें श्वास कोंडून उभीं असलेलीं माणसें! नंतरचींहि पुष्कळ आहेत. परंतु तीं लग्नामुंजींतलीं, पैसे देऊन बोलाविलेल्या छायाचित्रकारानें काढलेलीं. आमच्या गिरगांवांतील चाळीचा लांकडी कठडा, त्यावर वाळत घातलेलीं लुगडीं, उंबऱ्याशीं बसून तांदूळ निवडणारी आजी, गॅलरींत पाढे म्हणत येरझारा घालणारा माझा थोरला भाऊ, हें सारें त्या तेरा वर्षांतच सांपडतें. कारण तेवढीं तेरा वर्षें आमच्या थोरल्या काकांपाशीं कॅमेरा होता.

थोरल्या काकांना आम्ही मुलें आबा म्हणत असूं. परळच्या एका कापडगिरणींत ते हिशेबनीस होते. हिशेबाच्या माणसानें इतका खर्चिक छंद करावा याचें घरांत सर्वांना आश्चर्य वाटे, आणि काकूंना तर राग येई. कारण आठवड्यांतून एक रात्र आमची मोरी ही आबांची अंधारकोठडी होई. दाराच्या फटींत कापडाच्या चिंध्या, दिव्याला तांबडा कागद, आणि पाटावर ओळीनें मांडलेल्या तीन थाळ्या! त्या थाळ्या पुढें चुकूनहि स्वयंपाकघरांत जाऊं नयेत म्हणून काकूंनीं त्यांना खिळ्यानें भोंकें पाडण्याची धमकी दिल्याचें मला आठवतें.

कॅमेरा जर्मन बनावटीचा रोलिकॉर्ड होता. आजच्या मुलांनीं तो पाहिलेला नसेल म्हणून थोडें सांगतों. उभट काळी पेटी, आणि तिच्या तोंडावर एकाखालीं एक अशीं दोन भिंगें. वरचें पाहण्याचें, खालचें टिपण्याचें. पेटी पोटाशीं धरावयाची आणि मान खालीं घालून आंतल्या दुधी कांचेवर उमटलेलें चित्र न्याहाळावयाचें. त्यामुळें फोटो काढणारा मनुष्य नेहमीं समोरच्याला नमस्कार करीत असल्यासारखा दिसे. एका फिल्मवर बारा चौकोनी फोटो निघत. आबा महिनाभर त्या बारांचा विचार करीत.

१९६७ सालीं तो कॅमेरा विकला गेला. आदल्या वर्षीं रुपयाचें अवमूल्यन झालें, त्यामुळें परदेशी फिल्म परवडेनाशी झाली, असें त्याचें कारण घरांत सांगत. मी तेव्हां नऊ वर्षांचा होतों. मला तें कारण पटलें, आणि पुढें पन्नासांहून अधिक वर्षें पटलेलेंच राहिलें.

गेल्या वर्षीं आमची चाळ पुनर्विकासासाठीं पाडावयाचें ठरलें, आणि खोल्या रिकाम्या करण्यापूर्वीं माळा उतरविण्याचें काम माझ्याकडे आलें. तेथें बिस्किटांच्या एका डब्यांत आबांच्या निगेटिव्ह सांपडल्या, प्रत्येक पट्टी पातळ कागदांत गुंडाळलेली. त्यांच्याखालीं एक वही होती. हिशेबनिसाचीच ती वही! प्रत्येक फोटोची तारीख, ऊन कीं मळभ, भिंगाचें छिद्र किती उघडें, शटर किती वेळाचें, सर्व रकान्यांतून लिहिलेलें. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: ‘कॅमेरा दिला. रु. ४२५. भिंग निर्मळ.’ खालीं तारीख. ती तारीख पाहून मी माळ्याच्या शिडीवरच बसलों. त्याच आठवड्यांत मला विषमज्वराच्या मोठ्या दुखण्यांतून उठवून घरीं आणलें होतें, आणि चाळभर पेढे वांटले होते. त्या दुखण्याचा खर्च कोठून झाला हा प्रश्न मीं आबांच्या हयातींत एकदांहि विचारला नव्हता. वडिलांचा पगार मला ठाऊक होता; तरीहि विचारला नव्हता.

घरांतील माणसें आतां विखुरणार होतीं. दादा आणि वहिनी मुलाकडे ठाण्याला, आम्ही दोघें तूर्त भाड्याच्या जागेंत, धाकटा भाऊ पुण्यास. तेव्हां चाळींतील शेवटच्या गणपतीस सर्वजण जमतील त्या दिवशीं, आबा काढीत असत तसा, समोरच्या बाजूच्या गॅलरींतून एक फोटो काढावा, आणि तो रोलिकॉर्डनेंच काढावा, असें माझ्या मनानें घेतलें. धाकट्या भावाची मुलगी इंजिनिअर आहे. तिला हल्लींच्या कांहीं तरुणांप्रमाणें फिल्मचा नाद लागलेला. ती म्हणाली, “काका, मी येतें तुमच्याबरोबर. पण घाई करूं नका.” मीं घाई केली.

एका सकाळीं ती कचेरींत गेलेली असतांना मी एकटाच चोरबाजाराकडे निघालों. ठाकुरद्वाराहून मटण स्ट्रीट कांहीं लांब नाहीं; वाटेंत पूर्वींचा सँडहर्स्ट रोड लागतो. ह्याच रस्त्यावरील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्यें १९११ सालीं दादासाहेब फाळक्यांनीं ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, आणि ह्याच भागांतील कॉरोनेशनमध्यें ३ मे १९१३ रोजीं त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. मधल्या काळांत, १९१२ सालीं, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले. कॅमेऱ्यावर आधींच जीव जडलेला मनुष्य. तरीहि तेथें पोंचल्यावर ते प्रथम ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांना जाऊन भेटले, चौकशी केली, आणि मगच विल्यमसन कॅमेरा घेतला. हें मी शाळेंत मुलांना अनेकदां सांगितलें आहे. त्या सकाळीं मात्र तें मला आठवलें नाहीं.

एका दुकानांत, ग्रामोफोनचे कर्णे आणि जहाजांवरचे दिवे यांच्यामध्यें, रोलिकॉर्ड होता. कातड्याची पेटी तेल लावून चकाकत होती. कॅमेऱ्याचें काळें आवरण अखंड, अक्षरें पांढरीशुभ्र, कळ दाबतांच ‘टिक्’ असा तोच आवाज. मीं भिंगांत पाहिलें. दोन्ही भिंगें चमकत होतीं. बावीस हजार सांगितले. मीं पांच हजार विसार देऊन आठ दिवसांच्या बोलीनें कॅमेरा घरीं आणला, आणि देवापुढें ठेवला. संध्याकाळीं पुतणी आली. तिनें कॅमेरा हातांत घेतला, फिरवून पाहिला, आणि एवढेंच विचारलें, “मागून पाहिलांत का?”

दुसऱ्या दिवशीं ती मला लालबागला घेऊन गेली. तेथें एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर एक वृद्ध कारागीर जुने कॅमेरे दुरुस्त करतात. वडील गिरणींत सांचेवाले होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी पुन्हां उघडली नाहीं, आणि हे नुकतेच शाळेंतून सुटलेले मुलगे फोर्टांत एका दुरुस्तीच्या टेबलाशीं जाऊन बसले. तें टेबल आतां गेलें; हत्यारें घरीं आलीं. खिडकीशीं एक लहान मेज, त्यावर हिरवें कापड, आणि दिव्याखालीं मांडलेले केसाएवढे स्क्रू.

“मास्तर, हा तुम्ही पुढून बघून घेतलात?” त्यांनीं विचारलें. मीं होय म्हटलें. “पुढून सगळेच गोरे!”

त्यांनीं कॅमेऱ्याची पाठ उघडली, छिद्राच्या पाकळ्या पुऱ्या उघडल्या, कळ दाबून शटर उघडें धरलें, आणि पुढच्या बाजूनें बॅटरीचा झोत सरळ न टाकतां तिरपा टाकला. मग मला मागून पाहावयास सांगितलें. मीं पाहिलें. एखाद्या बंद खोलींतल्या कोळिष्टकांसारखे बारीक पांढरे तंतु भिंगाच्या कडेपासून मध्याकडे पसरले होते. दुकानांतल्या उजेडांत मला तेथें नुसती चमक दिसली होती.

ही बुरशी. आपल्या मुंबईची हवा आषाढापासून भाद्रपदापर्यंत कशी ओली असते तें लोणच्यापापडांवरून गृहिणींना वेगळें सांगावयास नको. भिंगावरच्या बुरशीला खावयास फार थोडें पुरतें. बोटाचा पुसट तेलकटपणा, थोडी धूळ. कातडी पेटी तर तिचें माहेर. कातडें ओलावा धरून ठेवतें. नुकती लागलेली बुरशी पुसतां येते. परंतु फार दिवस राहिली तर तिच्यांतून पाझरणारें आम्ल कांचेलाच खातें, आणि मग पुसल्यावरहि तंतूंच्या जागीं त्यांचे ठसे राहतात. आमच्या ह्या कॅमेऱ्यांत तर ती दोन चिकटविलेल्या कांचांच्या मधोमध शिरली होती. रोलिकॉर्डच्या झेनार भिंगांत चार कांचा असतात. पॉल रुडॉल्फ यानें १९०२ सालीं झाइस कारखान्यासाठीं जें टेसार भिंग सिद्ध केलें त्याच धर्तीची ही रचना. मागच्या दोन कांचा एकमेकींस राळेनें जोडलेल्या. तेथें कापूस पोंचत नाहीं.

त्या दुपारीं त्यांनीं आम्हांला चार-पांच भिंगें दाखविलीं, आणि माझ्या बऱ्याच समजुती उलट्यापालट्या केल्या. भिंगांत धुळीचे दोन-चार कण दिसले कीं मनुष्य नाक मुरडतो. पण त्यांनीं चित्रांत कांहींच बिघडत नाहीं. कांचेंत हवेचा एखादा बुडबुडा असला तर तोहि निरुपद्रवी. जुन्या उत्तम कांचेंतहि तो असे. पुढच्या कांचेवरचा एक खोल ओरखडासुद्धां फारसा नडत नाहीं. त्यांत काळी शाई भरली कीं झालें. नडतात त्या पुसून पुसून पडलेल्या असंख्य बारीक रेघा, कारण त्या उजेड सगळीकडे उधळतात. “आवडीच्या माणसानंच भिंग बिघडवलेलं असतं,” ते म्हणाले, “सदरा काढला कीं पुसलं!” मागच्या कांचेवरची रेघ मात्र पुढच्यापेक्षां अधिक वाईट. राळ सुटूं लागली कीं कडेला इंद्रधनुष्यासारखें वर्तुळ दिसतें. आणि सर्वांत फसवें म्हणजे धुकें. आंतल्या कांचांवर एक अतिशय पातळ पापुद्रा धरतो, तो समोरून मुळींच कळत नाहीं. पण अशा भिंगानें खिडकीशीं बसलेल्या माणसाचा फोटो काढला तर काळे केस राखेसारखे उमटतात.

मीं विचारलें, भिंगावरची ती निळीजांभळी झांक हा डाग आहे काय? ते हंसले. तो डाग नव्हे, लेप. कांचेच्या प्रत्येक पृष्ठावरून थोडा उजेड परत फिरतो. तो फिरूं नये म्हणून असा लेप देण्याची युक्ति झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यानें १९३५ सालीं काढली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती सर्वत्र झाली. झांक मध्येंच विटलेली दिसली, तर तेथें कोणी तरी सदऱ्यानें पुसलें आहे असें समजावें.

दुकानदारानें कॅमेरा परत घेतला. विसारापैकीं दोन हजार परत दिले. बाकीचे तीन मी शिकवणीची फी समजतों.

महिन्याभरानें दादरहून निरोप आला. हिंदु कॉलनींत एक वृद्ध बाई एकट्याच राहतात. त्यांच्या यजमानांचा रोलिकॉर्ड कपाटांत आहे आणि तो त्यांना द्यावयाचा आहे. कॅमेरा पाहून माझा चेहरा पडला असावा. वरच्या झांकणाला पोंचा आलेला, आवरणाचे कोपरे सुटून वर आलेले, एका बाजूचें तर साफ गळून गेलेलें. पण तो कातडी पेटींत नव्हता. घट्ट झांकणाच्या स्टीलच्या डब्यांत, ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुरचुंड्यांसह ठेवलेला होता. बाई म्हणाल्या, “दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हे तो बाहेर काढून नुसताच टिकटिक वाजवायचे. आतां मी वाजवते. बरोबर होतं कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं.” त्याहून बरोबर दुसरें कांहीं नव्हतें. न वापरलेलें शटर आंतलें तेल घट्ट होऊन अडतें, आणि एक सेकंदाच्या खुणेवर तीन सेकंद उघडें राहतें. हें एक सेकंदाला अगदीं एक सेकंद चालत होतें. पुतणीनें पाठ उघडली, बॅटरी तिरपी धरली, आणि कांहीं न बोलतां कॅमेरा माझ्या हातीं दिला. आंत धुळीचे तीन कण होते. बाकी कांहीं नव्हतें.

बाईंनीं चार हजार सांगितले. खरें सांगावयाचें तर माझ्या मनांत क्षणभर आलें कीं गप्प बसावें. तेवढ्यांत पुतणी म्हणाली, “आजी, बाजारांत ह्याला याच्या तिप्पट तरी मिळतील.” बाईंनीं माझ्याकडे पाहिलें, आणि मीहि मान हलविली. बारा हजारांस ठरलें. त्यांनीं किंमतीविषयीं पुढें एक शब्दहि काढला नाहीं. फक्त फोटो कोणाचा काढणार हें विचारून घेतलें.

भिंग डोळ्यांनीं निर्मळ दिसलें तरी तें रेखीव आहे कीं नाहीं हें फिल्मच सांगते. येथें आबांची वही उपयोगी पडली. १९५४ सालच्या पहिल्या पानावर लिहिलें होतें: ‘फोर्टांतील एका गृहस्थाकडून तीन दिवसांच्या बोलीनें आणला. जुन्या पंचांगाचीं पांच पानें भिंतीस लाविलीं. चार कोपऱ्यांत, एक मध्यें. छिद्र ३.५ वर कोपऱ्यांतील अनुस्वार हरवतात. ८ वर सांपडतात. घ्यावा.’

पुतणीला ह्याचें फार हंसूं आलें, आणि मग तें पटलेंहि. छापील पानावर अनुस्वाराहून लहान खूण कोणती? मात्र आतांच्या पंचांगानें हें काम होईना. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळानें शुद्धलेखनाचे नवे नियम केले आणि उच्चारांत नसलेले अनुस्वार गेले. ‘कांहीं’वर दोन टिंबें असत, ‘काही’वर एकहि नाहीं. मी तीस वर्षें शाळेंत मुलांना नवे नियम शिकविले. स्वतः मात्र आबांच्या हाताखालीं गिरविलेलेंच लिहीत आलों, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. आम्हीं माळ्यावरचें जुनें पंचांग काढलें, पांच पानें भिंतीस लाविलीं, कॅमेरा तिपाईवर ठेवून समोरासमोर धरला, आणि छिद्र ३.५, ५.६, ८, ११ असें बदलीत फोटो घेतले. त्याआधीं पुतणीनें पाठ उघडून फिल्मच्या जागीं घांसलेली कांच धरली, आणि वरच्या भिंगांत दूरचा मनोरा जेथें स्पष्ट दिसतो तेथेंच खालच्यांतहि दिसतो, हें ताडून पाहिलें. ह्या दोन भिंगांचें एकमत नसेल तर पाहणाऱ्याला सर्व स्पष्ट दिसतें आणि फोटो मात्र अस्पष्ट येतो.

त्या रात्रीं पुन्हां एकदां आमची मोरी अडली. फिल्म धुऊन दोरीवर वाळली, आणि सकाळीं आम्ही दोघें खिडकीशीं बहिर्गोल भिंग घेऊन अनुस्वार मोजूं लागलों. मध्याच्या पानावर सर्व होते. ३.५ वर चारहि कोपऱ्यांतले गेले होते. ८ वर तीन कोपऱ्यांत परत आले. उजव्या कोपऱ्यांत ‘नाहीं’वरचा अनुस्वार ८ वरहि संशयित होता, ११ वर तो निश्चित झाला. म्हणजे ह्या भिंगाची उजवी कड किंचित् उणी. आबांच्या भिंगापेक्षां हें एका खुणेनें कमी, असा मीं निकाल दिला. पुतणी म्हणाली, “११ वरच काढूं या कीं!”

गौरींच्या जेवणाच्या दिवशीं एकोणीस माणसें कठड्यामागें उभीं राहिलीं. चौकापलीकडे समोरच्या गॅलरींत शेजाऱ्यांनीं आपले डबे बाजूला करून तिपाईला जागा करून दिली. आबांच्या वहींतील मापाप्रमाणें मीं मध्यावर दादा-वहिनींना बसविलें. मुलांना पुढें घेतलें. इतक्यांत भाद्रपदांतलें तें ऊन ढगांत गेलें. ११ वर आतां शटर इतकें सावकाश ठेवावें लागलें असतें कीं, पुढच्या रांगेंतलीं तीन लहान मुलें नक्कीच हललीं असतीं. पुतणीनें आकाशाकडे पाहिलें आणि छिद्र ५.६ वर आणलें.

आतां उजव्या टोंकाला कोणाला उभें करावें, हा प्रश्न आला. तेथें धाकटी सून उभी होती, कडेवर सहा महिन्यांचें मूल. मीं तिला आंत सरकावयास सांगितलें. आपोआप सुटणारी कळ कॅमेऱ्याला होती. पण इतक्या जुन्या यंत्रांत ती अडकते, ती वापरूं नका, असें लालबागहून बजावून सांगितलेलें होतें. म्हणून मीं कॅमेरा पुतणीच्या हवालीं केला, जिना उतरलों, चौक ओलांडला, दुसरा जिना चढलों, आणि उजव्या टोंकाला जाऊन उभा राहिलों.

तो फोटो आतां दादाच्या ठाण्याच्या घरीं भिंतीवर आहे. सर्वांचे चेहरे स्वच्छ आले आहेत, वहिनींच्या नथींतले मोती मोजतां येतात. मी थोडा पुसट आहें. आबा त्यांच्या तेरा वर्षांतील एकाहि फोटोंत नाहींत, तशी ह्या फोटोंत पुतणी नाहीं. खालीं तिनें पेन्सिलीनें तारीख, मळभ, छिद्र आणि वेळ लिहून ठेविली आहे.